जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा चुकीचं दाखवतोय? नवीन मीटर घेण्याआधी एवढं तपासा

काटा पावच्या वर आहे आणि गाडी आचके देऊन बंद पडते. किंवा उलट, कालच हजाराचं पेट्रोल टाकलं आणि आज काटा तळाला. जुनी गाडी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अनुभव आलेला असतो. गावाकडं अजूनही मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, सुमो, कमांडर जीप अशा गाड्या रोजच्या कामात आहेत. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं, म्हणजे रस्त्यावरची सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढं गेली. इंजिन ठणठणीत असतं, एसी असला तर तोही कसाबसा चालतो, पण पेट्रोलच्या काट्यावर मालकाचाच विश्वास राहिलेला नसतो.

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावात गाडी बंद पडली तर हसं होतं, फार काही बिघडत नाही. पण पाटणहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडं रात्री निघालात, किंवा वाडीवरून बाळंतिणीला ग्रामीण रुग्णालयात न्यायचंय, अशा वेळी काट्यानं दगा दिला तर प्रसंग वेगळाच होतो. आतल्या गावांतले बरेच पंप रात्री बंद असतात आणि प्रत्येक वळणावर मोबाईलला रेंज असतेच असं नाही.

गॅरेजमध्ये गेलं की पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच ऐकू येतं, ‘मीटर गेलं, बदलावं लागेल.’ आता जुन्या गाडीचं अख्खं मीटर शोधायचं, म्हणजे जुना बाजार पालथा घालायचा. तिथून आणलेलं मीटरही दुसऱ्या कुणाच्या तितक्याच जुन्या गाडीचं. आणि एवढं करून दोष बऱ्याचदा मीटरमध्ये नसतोच. तो असतो टाकीवरच्या एका वायरीत, अर्थिंगच्या गंजलेल्या स्क्रूत, नाहीतर टाकीतल्या युनिटमध्ये. खर्चाचा क्रमही तोच. अर्थिंग आणि थिंबल सगळ्यात स्वस्त, मग टाकीतलं युनिट आणि सगळ्यात शेवटी मीटर. तपासणी त्याच क्रमानं करायला लावा.

काटा चालतो तरी कसा

टाकीच्या आत एका दांडीला छोटा फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा बसवलेला असतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो, तसाच हा प्रकार. पेट्रोल वर चढलं की फ्लोट वर, कमी झालं की खाली. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक संपर्काची पट्टी असते आणि ती बारीक तारेच्या वेटोळ्यावरून किंवा कार्बनच्या पट्टीवरून घासत सरकते. पट्टी जिथं असेल त्याप्रमाणं विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो. तो अडथळा म्हणजेच ओहम. मीटरमधला काटा पेट्रोल मोजत नाही, तो फक्त हा अडथळा वाचतो. या टाकीतल्या भागाला मेकॅनिक ‘युनिट’, ‘सेंडर’ किंवा नुसतं ‘फ्लोट’ म्हणतात.

जुन्या मारुती-सुझुकी आणि बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना अडथळा अगदी कमी, साधारण ३ ओहमच्या आसपास असतो. टाकी रिकामी झाली की तो ११० ते १२० ओहमपर्यंत जातो. गंमत म्हणजे अर्ध्या टाकीला तो साठ नसून तीस-बत्तीसच्या आसपास असतो. हे माहीत नसलं की मल्टिमीटर हातात घेतलेला नवशिका चांगलं युनिटही खराब ठरवतो. मॉडेलप्रमाणं आकडे थोडे बदलतात आणि काही कंपन्यांच्या गाड्यांत तर सगळं उलटं असतं, भरलेल्या टाकीला अडथळा जास्त. त्यामुळं युनिट नवीन घेताना ‘बसतंय’ एवढ्यावर घेऊ नका. आपल्याच मॉडेलचं आहे का ते बघा, नाहीतर काटा आयुष्यभर उलटा चालेल.

जिथं आपण वापरतो तिथंच तो झिजतो

पट्टी तारेवरून घासते म्हणजे झीज आलीच. झीज कुठं होणार? जिथं फ्लोट सगळ्यात जास्त वेळ हलत राहतो तिथं. शहरातला नोकरदार महिन्यातून दोनदा टाकी फुल करतो, त्याची तार सगळीकडं सारखी झिजते. आपल्याकडं दोनशेचं टाक, पाचशेचं टाक, असं चालतं. टाकी वर्षानुवर्षं पावच्या खालीच असते आणि खराब रस्त्यावर पेट्रोल डचमळत असल्यानं फ्लोट त्याच दोन बोटांच्या जागेत सतत वर-खाली होत राहतो. दहा-पंधरा वर्षांत नेमका तोच भाग झिजतो. म्हणजे टाकी फुल केली तर काटा बरोबर, अर्ध्यापर्यंत बरोबर आणि पावच्या खाली आला की थरथरतो, उड्या मारतो किंवा एकदम मरतो. जिथं त्याची सगळ्यात जास्त गरज, तिथंच तो आधी फितूर होतो.

हे लक्षात ठेवा, कारण मेकॅनिकनं फुल टाकीवर तपासून ‘काटा ओके आहे’ म्हटलं तर त्याला काही अर्थ नाही. तपासणी टाकी खाली असतानाच झाली पाहिजे.

काटा कुठं चुकतो, त्यावरून दोष कळतो

गॅरेजला जाण्याआधी चार-आठ दिवस नुसतं लक्ष ठेवा. गाडी सपाट जागेवर उभी करून, चावी ऑन करून, एक-दोन मिनिटं थांबून काटा बघायचा. जुन्या मीटरमध्ये दोन धातूंची पट्टी तापून काटा हलतो, म्हणून तो मुद्दामच सावकाश चढतो. तो दोष नाही. चढावर किंवा उतारावर उभ्या गाडीचा काटा चुकीचा दिसणारच, त्यावरही जाऊ नका. काही गाड्यांत चावी बंद केल्यावर काटा खाली येतो, काहींत आहे तिथंच थांबतो. दोन्ही बरोबर.

टाकी फुल केली तरी काटा पाऊणवरच थांबतो, पण रिकामी होताना मात्र बरोबर दाखवतो, असं असेल तर आधी अर्थिंग बघा. कारण सोपं आहे. गंजलेला अर्थिंगचा जोड दहा ओहमचा जादा अडथळा घालत असेल तर फुल टाकीच्या ३ ओहमचे १३ होतात, काटा चांगलाच खाली येतो. रिकाम्या टाकीच्या ११० चे १२० झाले तर काट्याला फरक कळतही नाही. फुलला चूक मोठी आणि रिकाम्याला छोटी, म्हणजे वायरीत किंवा अर्थिंगमध्ये अडथळा, हा हिशेब पक्का ठेवा.

टाकीत कितीही असलं तरी काटा खरं असेल त्यापेक्षा कमीच दाखवत असेल तर फ्लोटवर संशय घ्या. जुने पितळी फ्लोट पोकळ असतात. सांध्याला बारीक भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, फ्लोट जड होतो आणि अर्धवट बुडून राहतो. पूर्ण भरला तर तळालाच बसतो आणि काटा कायमचा रिकाम्यावर.

याच्या उलट प्रकार आपल्या भागात जास्त दिसतो आणि तोच खरा धोक्याचा. काटा पावच्या खाली येतच नाही, आणि गाडी पावावरच बंद पडते. अशा वेळी गाडीखाली वाकून टाकीचा तळ बघा. शेताच्या वाटेवर, खडीच्या रस्त्यावर दगड लागून टाकीला पोचा पडलेला असतो. आतून तो पोचा उंचवट्यासारखा वर येतो, फ्लोट त्यावर टेकून बसतो आणि पेट्रोल संपलं तरी काट्याला वाटतं अजून आहे. इथं मीटर बदला, युनिट बदला, काही उपयोग नाही. टाकी उतरवून पोचा काढणं किंवा टाकी बदलणं, हाच इलाज. एखाद्यानं पूर्वी कधी दांडी वाकडी करून ‘सेटिंग’ केलेलं असेल तरीही हेच लक्षण दिसतं.

काटा मधेच अडकून राहतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की सुटतो, तेव्हा दांडी जाम झालेली असते. गंज किंवा टाकीतला कचरा हे नेहमीचं कारण. गॅस किटवर चालणाऱ्या ओम्नी आणि ८०० मध्ये हे फार होतं, कारण पेट्रोल महिनोन्‌महिने दोन-चार लिटरवर तसंच पडून असतं. टाकीचा वरचा मोकळा भाग आतून गंजतो. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळं टाकी जवळजवळ रिकामी ठेवण्याची सवय पूर्वीपेक्षा जास्त महागात पडते.

राहिली शेवटची खूण. पेट्रोलचा काटा आणि इंजिन गरम झाल्याचा काटा, दोन्ही एकाच वेळी वेडेवाकडे दाखवत असतील तर टाकीकडं बघूच नका. दोघांमध्ये समान असतं ते मीटरचं अर्थिंग किंवा मीटरला ठरावीक व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर. काही जुन्या गाड्यांत हा मीटरच्या पाठीमागं बसवलेला असतो. तो बिघडला की दोन्ही काटे मिळून चुकतात. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा खाली येतो, हेही अर्थिंगचंच लक्षण.

टाकी न उघडता करायची तपासणी

ही तपासणी वायरिंगची थोडीफार जाण असलेला माणूस स्वतः करू शकतो. ज्याला जमत नसेल त्यानं ऑटो इलेक्ट्रिशियनकडं करून घ्यावी, पण समोर उभं राहून.

युनिटच्या वायरीचा जोड शोधायचा. काही गाड्यांत मागचं सीट उचललं की खाली गोल किंवा चौकोनी झाकण असतं, त्याखाली तो मिळतो. काहींत टाकी खाली घेतल्याशिवाय हात पोचत नाही, पण वायर पुढं कुठंतरी जोडलेली असते, तिथं तपासता येतं. जोड हिरवट-पांढरा पडलेला दिसला तर निम्मं काम झालंच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, थिंबल घट्ट करून पुन्हा लावा आणि काटा बघा. अर्थिंगची वायर बॉडीला जिथं स्क्रूनं बसवलेली असते तिथला रंग आणि गंज खरडून लख्ख पत्रा दिसू द्या, मग स्क्रू आवळा. पुष्कळ गाड्यांचं काम इथंच संपतं.

नाही संपलं, तर चावी ऑन ठेवून युनिटचा जोड सोडवा. मारुतीसारख्या गाडीत काटा रिकाम्याकडं जायला हवा. आता मीटरकडून येणारी वायर बॉडीला टेकवली की काटा फुलकडं चढायला हवा. वायर थेट टेकवू नका. मध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब घाला, मीटरच्या दिव्याचा ३.४ वॅटचा असतो तो चालतो. थेट शॉर्ट करून बराच वेळ ठेवलं तर चांगलं मीटर जळू शकतं. बल्ब लागला आणि काही सेकंदांत काटा हलायला लागला, म्हणजे मीटर आणि वायरिंग ठीक, दोष टाकीतल्या युनिटमध्ये. काटा ढिम्म हलला नाही तर फ्यूज, वायर किंवा मीटर. उलट्या पद्धतीच्या गाड्यांत काटा उलट दिशेनं जाईल. महत्त्वाचं एवढंच की तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेला पाहिजे.

दोन सावधगिऱ्या. साधारण २००० नंतरच्या इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाड्यांत पेट्रोल पंपही टाकीतच असतो आणि त्याच जोडात पंपाच्या जाड वायरी असतात. चुकीची वायर बॉडीला लागली तर फ्यूज उडतो. आणि ज्या गाड्यांत काटा नसून डिजिटल दांड्या दिसतात, तिथं हा प्रयोग करूच नका. तिथं सिग्नल आधी कॉम्प्युटरला जातो.

टाकी उघडायची असेल तर

इथं मात्र चेष्टा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते आणि दहा फुटांवर पेटवलेल्या बिडीनंही भडका उडू शकतो. गाडी गोठ्यात, शेडमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये न ठेवता उघड्यावर घ्या आणि काम दिवसाउजेडी करा. तारेला लटकवलेला बल्ब टाकीजवळ नको. तो पडून फुटला की तीच ठिणगी. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा. हाताशी कोरड्या पावडरचं अग्निशामक किंवा निदान वाळूच्या दोन बादल्या ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

टाकीत पेट्रोल कमी असतानाच काम काढा. जास्त असेल तर हातपंपानं पत्र्याच्या डब्यात काढा. पाईप तोंडात धरून ओढायची आपल्याकडं जी सवय आहे ती कायमची सोडा. घोटभर पेट्रोल पोटापेक्षा फुफ्फुसात गेलं की जास्त घातक ठरतं, न्यूमोनियासारखी अवस्था होते. कुणाच्या पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून उलटी करायला लावू नका, कारण उलटीतून ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. सरळ दवाखान्यात न्या.

इंजेक्शनच्या गाडीत पंपाच्या लाइनमध्ये दाब असतो. पाईप सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की दाब उतरतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पंप इंजिनवर असतो, तिथं टाकीत फक्त फ्लोटचं युनिट, काम सोपं.

झाकणाभोवतीची माती आधी फुंकून, ब्रशनं साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत जाते. युनिट कोणत्या दिशेला बसलंय त्याची खूण करा. स्क्रू गंजलेले असतील तर गंज सोडवणारं तेल मारून थांबा. छिन्नी-हातोडी टाकीवर चालवायची नाही. युनिट सरळ वर ओढू नका. दांडी आणि फ्लोट तिरके करत, अलगद काढावे लागतात. ओढाताणीत दांडी वाकली की नवीन दुखणं.

बाहेर काढलेलं युनिट पूर्ण वाळू द्या. टाकीचं तोंड स्वच्छ फडक्यानं आणि झाकणानं बंद ठेवा. मग टाकीपासून लांब जाऊन फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर फ्लोट गेला. त्याला डाग द्यायच्या भानगडीत पडू नका, आत पेट्रोल आहे. फ्लोट नाहीतर युनिट बदला. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी अगदी हळू खालून वर न्या. आकडा एकसारखा बदलत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा एकदम काहीच दाखवलं नाही, तर त्या जागी तार झिजलीय. झीज असेल तर ती पावच्या खालच्या भागात आधी सापडेल, हे वर सांगितलंच.

नुसता काळा थर असेल तर मऊ कापड आणि क्लीनरनं पुसून सुधारतो. पॉलिश पेपर घासू नका. तार केसासारखी बारीक असते, एका घासण्यात जाते. पट्टीची पकड सैल झाली असेल तर कुशल माणूस ती किंचित दाबून बसवतो आणि युनिट अजून दोन-चार वर्षं काढतं.

दांडी वाकवून सेटिंग करायचा मोह होतो. करायचंच असेल तर नियम असा. काटा कमी दाखवत असेल तर फ्लोट दांडीच्या मानानं किंचित खाली वाकवायचा, जास्त दाखवत असेल तर वर. पण फ्लोट खाली वाकवला की तो तळाला लवकर टेकतो आणि काटा शून्यावर येणं बंद होतं. माझं मत स्पष्ट आहे, काटा थोडा कमी दाखवत असेल तर त्याला तसाच राहू द्या. रिकामं दाखवून चार लिटर शिल्लक ठेवणारा काटा कुणाला घाटात अडकवत नाही.

टाकी गळते किंवा तिला पोचा आहे म्हणून वेल्डिंगवाल्याकडं नेणार असाल तर थांबा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण ती वाफेनं भरलेली असते. पाण्यानं एकदा खळाळून ही वाफ जात नाही. वेल्डिंगच्या दुकानांत टाक्यांचे स्फोट होतात ते यामुळंच. टाकीचं काम रोज करणाऱ्या रेडिएटर-टाकीवाल्याकडंच द्या, नाहीतर टाकी बदला.

डिझेलवाल्यांसाठी

बोलेरो, सुमो, कमांडरमध्ये काट्याची पद्धत हीच, पण डिझेल संपल्याची शिक्षा जास्त. डिझेल पूर्ण संपलं की लाइनमध्ये हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होत नाही. फिल्टरवरचा हातपंप मारून, नट सैल करून ‘एअर’ काढावी लागते. रात्री, अंधारात, एकट्यानं. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीतही टाकी कोरडी पडेपर्यंत चालवू नका, कारण टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो. फ्लोटच्या दुर्लक्षापायी पंपही जळाला तर खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

पंपावर भांडण्याआधी

‘पाचशेचं टाकलं, काटा हललाच नाही, पंपवाल्यानं मारलं.’ हे वाक्य प्रत्येक गावात आहे. कधी खरंही असेल. पण खराब काट्यावरून ते सिद्ध होत नाही. मीटर शून्यावर आहे का ते बघा, पावती घ्या आणि तरीही शंका असेल तर पाच लिटरच्या मापानं मोजून दाखवायला सांगा. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाला ते मागायचा हक्क आहे. शिक्का आणि त्याची मुदत बघून घ्या. दुसरी एक शंका नेहमी निघते, ‘टाकी तीस लिटरची आणि पंपानं तेहतीस लिटर भरलं कसं?’ पुस्तकात लिहिलेल्या क्षमतेच्या वर टाकीत आणि भरण्याच्या नळीत मोकळी जागा असते, गळ्यापर्यंत भरलं की दोन-चार लिटर जास्त जाऊ शकतात.

दुरुस्ती होईपर्यंत काय

एकदा टाकी फुल करा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुन्हा फुल करताना जेवढे लिटर बसले त्यानं मधल्या किलोमीटरला भागा, ते तुमचं खरं ॲव्हरेज. समजा ३२० किलोमीटरला २० लिटर लागलं, म्हणजे १६ चं ॲव्हरेज. घाटात, भरलेल्या गाडीला ते १२ वर येईल असं धरून हिशेब करा. जुन्या गाडीच्या किलोमीटरची केबलही तुटलेली असते बऱ्याचदा. तसं असेल तर मोबाईलच्या नकाशावर रोजच्या वाटांचं अंतर एकदा बघून वहीत लिहून ठेवा.

दुसरा उपाय मोबाईलवाल्यांसाठी मस्त आहे. गाडी रिझर्व्हला आली की पंपावर न्या, काटा कुठं आहे ते लक्षात ठेवा, पाच लिटर टाका. मग गाडी पंपाच्या बाहेर सपाट जागी लावून, दोन मिनिटं थांबून काट्याचा फोटो काढा. पंपावर नोझलजवळ मोबाईल काढायचा नाही. पैसे असतील तर लगेच पुढचे पाच लिटर टाका आणि पुन्हा फोटो. नसतील तर पुढच्या वेळी पुन्हा रिझर्व्हवरून सुरुवात करून दहा लिटर टाका, त्याच्या पुढच्या वेळी पंधरा. चार फोटो जमले की तुमच्या गाडीचा काटा नेमका कुठं किती लिटर दाखवतो याचा तक्ता तयार. काटा चुकीचा असला तरी दरवेळी सारखाच चुकत असेल तर या तक्त्यावर गाडी बिनधास्त चालवता येते. तो दरवेळी वेगळा चुकत असेल तर मात्र युनिट बदलण्याला पर्याय नाही.

ट्रॅक्टरच्या टाकीत काठी घालून डिझेल बघतात तसं कारमध्ये करू नका. कारच्या नळीला वळण असतं, काठी टाकीपर्यंत पोचत नाही आणि तुकडा आत राहिला तर टाकीच उतरवावी लागते.

युनिट बसवल्यानंतर

झाकणाखालचा रबरी वायसर दरवेळी नवीन घाला. जुना फुगलेला असतो, नीट बसत नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. एकच स्क्रू पूर्ण पिळला तर झाकण तिरकं बसतं. काम झाल्यावर मेकॅनिकसमोर आधी टाकी खाली असताना काटा बघा, मग फुल करून बघा. फुल टाकीवर एक रात्र गाडी उघड्यावर ठेवा आणि सकाळी मागचं सीट उचलून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा झाकणाभोवती ओल दिसली तर गाडी चालू न करता मेकॅनिकला तिथंच बोलवा आणि वायसर पुन्हा बसवून घ्या.